कानावरचा मार्का आणि कानातले गाणे

गेल्या आश्विन वद्य पंचमीस आम्ही औंधास गेलो होतो. औंध संस्थानचे दरबारी गवई अंतुबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ सन १९४० मध्ये तेथे संगीतोत्सव सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवा व त्यांची शिष्यमंडळी यांनी तो चालविला. साताऱ्याहून वाट तासा-सव्वा तासाची असल्यामुळे आम्ही तो सहसा चुकवीत नाही. या खेपेस आमच्याबरोबर आमचा पुतण्या व सांगलीस अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारे त्याचे दोन मित्र होते. मुले निमूटपणे बसली, योग्य ठिकाणी त्यांनी मानाही डोलविल्या, आणि आम्हांस मनातून मोठे समाधान वाटले. ते समाधान गाडी घाटाशी येईपर्यंतच टिकले. कारण रात्री परत येताना त्या तिघांत जो वाद पेटला तो रागाचा नव्हता, गवयाचा नव्हता, ख्यालाच्या लयीचाही नव्हता. तो हेडफोनचा होता.

सेनहायझर श्रेष्ठ की सोनी, बीट्स घालणाऱ्यास संगीतातले काही कळते असे मानावे की न मानावे, स्वदेशी 'बोट'चा माल वापरणाराने अशा चर्चेत तोंड उघडावे की नाही, असे एकाहून एक गहन प्रश्न निघत होते. एकाचा आवाज 'उबदार' होता, दुसऱ्याचा 'कोरडा' होता. एकाचा 'रंगमंच' विस्तीर्ण, तर दुसऱ्याचा कोंदट. एकाचा खर्ज फुगलेला, तर दुसऱ्याचा तारस्वर टोचणारा. हे शब्द आम्ही हसण्यावारी नेत नाही. आवाज ही शब्दांच्या चिमटीत न सापडणारी वस्तू आहे, आणि आमच्या पिढीतले दर्दी लोकही गवयाच्या आवाजास गोल, पिळदार, पातळ, घुमारेदार अशी विशेषणे लावीतच आले आहेत. परंतु हे सारे तुम्ही काय ऐकून ठरविता, असे आम्ही मध्येच विचारले, तेव्हा तिघांतल्या सर्वांत व्यासंगी मुलाने एका परकीय गायिकेच्या गाण्याचे नाव सांगितले. त्या गाण्याच्या प्रारंभी चाळीस सेकंदांचा एक तुकडा आहे, त्यात झांजेचा एक नाजूक आघात होतो, तो ज्या हेडफोनात विरत विरत शेवटपर्यंत ऐकू येईल तो हेडफोन उत्तम. हा तुकडा त्याने निरनिराळ्या अकरा हेडफोनांतून ऐकला होता.

"आणि पुढचे गाणे कसे आहे?" आम्ही विचारले.

"पुढे ऐकले नाही, काका," तो प्रांजळपणे म्हणाला.

या उत्तराने आम्हांस प्रस्तुत लेख लिहिण्यास प्रवृत्त केले. तरुणांच्या एका छंदावर तोंडसुख घेण्याचा आमचा हेतू नाही. त्या मुलांचे कान आमच्या कानांहून तिखट आहेत, आणि ज्या विषयात त्यांनी मन घातले आहे त्यात त्यांनी मेहनतही थोडी केलेली नाही. मग एवढी तयारी असूनही गाणे चाळीस सेकंदांवर का थांबते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

ध्वनीच्या बारकाव्यांवरून हातघाईवर येण्याची परंपरा आमच्या या भागास नवी नाही. 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल यांस कोण ओळखत नाही? परंतु त्यांचे वडील बंधू कृष्णाजी बल्लाळ यांस आज थोडेच ओळखतात. डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी भारतीय संगीतातील बावीस श्रुतींचा शोध हाती घेतला. तेव्हा मिरजेस राहणारे अब्दुल करीम खाँ यांचे सहकार्य त्यांना मिळाले. खाँसाहेबांनी स्वर लावावयाचे आणि देवलांनी तारेच्या लांबीवरून त्यांची कंपनसंख्या काढावयाची, असा हा उद्योग होता. त्याचे फळ म्हणजे सन १९१० मध्ये त्यांनी इंग्रजीत प्रसिद्ध केलेले बावीस श्रुतींवरील पुस्तक. साताऱ्यास न्यायाधीश असलेले क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी त्यांना येऊन मिळाले. दोघांनी मिळून फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया नावाची संस्था काढली. नेहमीच्या पेटीत एका सप्तकात बाराच स्वर असतात. तिच्या जागी बावीस श्रुती वाजविणारी पेटी कीटली मूर या इंग्रज तज्ज्ञाकडून रचवून घेण्यात आली. सन १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा ही श्रुतिपेटी तेथे दाखविण्यात आली आणि तिच्यावरून मोठा वाद माजला. भातखंड्यांसारख्या पंडितांस हा मार्ग मान्य झाला नाही, आणि ती पेटी पुढे रूढही झाली नाही.

देवल आणि क्लेमंट्स यांची बाजू अखेर पडकी ठरली असे आमचे मत आहे. गवयाचा गंधार एका जागी खुंटीस टांगलेला नसतो. तो रागाप्रमाणे, मागच्यापुढच्या स्वरांप्रमाणे, आणि त्या दिवशीच्या गवयाच्या प्रकृतीप्रमाणेही हलत असतो. त्यास आकड्यात पकडून पेटीत कोंडणे म्हणजे ओढ्याचे पाणी घागरीत भरून त्यास ओढा म्हणणे. परंतु त्या दोघांच्या वेडात आणि आमच्या पुतण्याच्या वेडात एक भेद आहे. निवृत्त अधिकारी व न्यायाधीश यांच्यामध्ये एक गवई बसलेला होता. वादाचा निकाल लावावयाचा तर त्याच्या गळ्याकडे जावे लागे, आणि तो गळा वाद्यांस दोघांनाही एकाच वेळी ऐकू येई. यंत्र चुकले असेल, सिद्धांत चुकला असेल. वादाचा विषय गाणे हाच होता.

ग्रामोफोनच्या काळीही असेच घडले. विलायतेत त्या यंत्राच्या षोकिनांत पोलादी सुई बरी की बांबूची, यावर दोन तट पडले होते. पोलादी सुईने आवाज मोठा येई, पण तबकडी झिजे. बांबूच्या सुईने तबकडी वाचे, पण आवाज मऊ पडे. सन १९२३ पासून तिकडे या विषयास वाहिलेले एक स्वतंत्र मासिकही निघत आले आहे. आमच्याकडे त्याच सुमारास आणि पुढे पेटीवरून रण माजले, आणि सन १९४० मध्ये नभोवाणीने हार्मोनियमला आपल्या दाराबाहेर काढले. ती बंदी कित्येक वर्षे टिकली. या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ अतिरेक झाला. तरीही तबकडी वाजू लागली म्हणजे ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाच्या कानी ती पडे. 'आवाज मऊ आहे' म्हणणारा आणि 'आवाज घोगरा आहे' म्हणणारा हे दोघेही एकाच आवाजाविषयी बोलत.

हेडफोनची गोष्ट येथेच निराळी होते. हे यंत्र मुळात गाण्यासाठी जन्मास आलेलेच नाही. तारायंत्र, दूरध्वनी आणि बिनतारी संदेश यांच्या कामकऱ्यांसाठी ते निघाले. अमेरिकेतील नथॅनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने सन १९१० मध्ये आपल्या स्वयंपाकघरात बसून सुधारलेले हेडफोन तयार केले आणि ते तेथील आरमाराने घेतले. बर्लिनच्या बायर कंपनीने सन १९३७ मध्ये आपला पहिला हेडफोन काढला. सन १९५८ मध्ये जॉन कॉस याने दोन कानांस दोन वेगळे ध्वनी देणारा संगीतासाठीचा हेडफोन आणला. तोपर्यंत, आणि नंतरही वीस वर्षे, ही वस्तू घरात आरामखुर्चीत बसून वापरावयाची होती. कोणता मार्का आहे हे पाहावयास शेजारी येत नसे. सन १९७९ मध्ये सोनी कंपनीचा वॉकमन निघाला आणि हेडफोन रस्त्यावर आला. आमच्या मते त्याच्या इतिहासात याहून मोठी घटना दुसरी नाही. कारण जी वस्तू चारचौघांत अंगावर मिरवावयाची, तिला वस्त्राचे आणि दागिन्याचे नियम लागू होतात, मग ती आतून कशीही वाजो. सन २००१ मध्ये ॲपलच्या आयपॉडबरोबर पांढरी तार आली. ती तार हीच जाहिरात होती. सन २००८ मध्ये बीट्सचा पहिला हेडफोन आला, आणि त्याच्या कानशिलावरचे अक्षर खेळाडूंच्या व गायकांच्या डोक्यावर जगभर झळकले. सहा वर्षांनी ॲपलने ती कंपनी सुमारे तीन अब्ज डॉलरांस विकत घेतली.

बीट्सच्या या अक्षरावर दर्दी म्हणविणारांचा विशेष राग आहे. त्या कंपनीच्या आरंभीच्या हेडफोनांत खर्ज मुद्दाम उचललेला असे, त्यामुळे मधले स्वर झाकोळून जात, हा आक्षेप बरोबरच आहे. पण त्यावरून पुढची उडी मारण्यात येते तिला आमचा विरोध आहे. ज्यास खर्जाचा धक्का आवडतो तो अडाणी, त्याची अभिरुची हीन, असे आमच्या गाडीतील दोन मुलांनी तिसऱ्यास स्पष्ट ऐकविले. त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील आरेवाडीस बिरोबाच्या यात्रेत एकदा उभे राहून पाहावे. धनगरी ढोल घुमू लागले म्हणजे तो नाद कानाआधी छातीस कळतो, आणि गजीनृत्य करणारांचे पाय त्या नादावर उचलले जातात. हा खर्ज अंगाने ऐकावयाचा आहे. त्यास हीन म्हणावयाचे तर माणदेशाच्या अर्ध्या लोकजीवनास हीन म्हणावे लागेल. ढोलाचा खर्ज ख्यालावर लादणे ही चूक आहे, ख्यालाची मोजपट्टी ढोलास लावणे हीही चूकच. खरे म्हणजे त्या मुलांच्या तिरस्कारात संगीत थोडे आणि समाज फार होता. मित्राचा हेडफोन स्वस्त होता, त्याची गाणी बाजारी होती, आणि तो स्वतः तालुक्याच्या गावाहून आलेला होता, या तीन गोष्टी त्यांच्या बोलण्यात एकमेकींत इतक्या मिसळल्या होत्या की त्या निवडणे त्यांना स्वतःलाही साधले नसते.

किमतीचा आणि गुणाचा संबंध तरी किती आहे? जेरून ब्रेबार्ट या संशोधकाने सन २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली. कोणत्या उंचीचा स्वर यंत्र किती जोराने देते याचा आलेख आणि बाजारातील किंमत यांचा मेळ बसतो काय, हे त्यास पाहावयाचे होते. मेळ बसला नाही. त्याच्याही आधी, सन १९९४ मध्ये, फ्लॉईड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी ध्वनिवर्धकांवर प्रयोग करून दाखविले होते की, श्रोत्यास यंत्र दिसत असले म्हणजे एक निवाडा होतो, पडद्याआड असले म्हणजे दुसरा. अनुभवी श्रोतेही यास अपवाद नव्हते. आता या मंडळींची उपजीविका ध्वनियंत्रे बनविणाऱ्या कंपनीत होती, तेव्हा त्यांच्या प्रत्येक निष्कर्षापुढे मान तुकवावी असे नाही. तथापि स्वतःच्या विक्रेत्यांस अडचणीचा ठरेल असा निष्कर्ष त्यांनी छापला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक मानावयास हरकत नाही.

साताऱ्यास घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी आम्हीही हाच प्रयोग करविला. यादोगोपाळ पेठेतल्या आमच्या जुन्या माडीवर मुलांच्या डोळ्यांस उपरणे बांधून तीन हेडफोन आळीपाळीने त्यांच्या कानांवर चढविले. फजिती आमचीच झाली. गाणे सुरू होण्यापूर्वीच व्यासंगी मुलाने तिन्ही ओळखले! गादी मऊ लागली, कमान घट्ट बसली, वजन जास्त वाटले, यावरून त्याने महागाचा कोणता ते सांगितले, आणि मग अर्थातच त्याचा आवाजही त्यास उत्तम वाटला. डोळे बांधता येतात, कानाची कातडी बांधता येत नाही. ऑलिव्ह व त्याच्या सहकाऱ्यांपुढेही हीच अडचण होती असे नंतर पुतण्याने वाचून दाखविले. त्यांनी एकाच हेडफोनमधून निरनिराळ्या हेडफोनांचे आवाज वठवून ती टाळली. आमच्या माडीवर ती सोय नव्हती. मात्र एवढे कळले की मार्का हा केवळ डोळ्यांनी वाचला जात नाही, तो कानाच्या पाळीनेही वाचला जातो.

येथे आमचे मूळ म्हणणे मांडण्यास हरकत नाही. हेडफोनमधले गाणे दुसऱ्यास ऐकू येत नाही. मी आता काय ऐकत आहे, कोठे माझा श्वास अडकला, कोणत्या जागेने माझे डोळे मिटले, हे शेजाऱ्यास कळण्याचा मार्ग नाही. मग दोघांनी बोलावे कशाविषयी? जे दोघांनाही दिसते त्याविषयी. म्हणजे यंत्र, मार्का, किंमत, आलेख. या तरुणांना गाण्याची आवड नाही म्हणून ते यंत्रावर बोलतात असा आरोप आमच्या पिढीकडून नेहमी होतो. आम्हांस तो अन्यायाचा वाटतो. त्यांना बोलावयाचे गाण्याविषयीच असते, पण ते गाणे त्यांच्यामध्ये ठेवलेले नसते, म्हणून हात जाईल त्या वस्तूवर वाद होतो. अभिरुची ही कोणी जन्मतः घेऊन येत नाही. बैठकीत बसलेल्या नवख्यास सम कोठे आली हे प्रथम शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर पडलेल्या हातावरून कळते. वाहवा कोठे द्यावी, याहून कोठे देऊ नये, हे तो दहा वेळा चुकून शिकतो. चुकीच्या जागी दिलेली दाद आणि त्यावर गवयाने टाकलेला एक कटाक्ष, यात शंभर परीक्षणांचे शिक्षण आहे. हेडफोन घालून ऐकणारास चुकीची दाद देण्याची सोयच नाही.

परंतु बैठकीचे गोडवे गाताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो, आणि ती आम्हांस आमच्याच घरात सापडली. आमची आत्या आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. याच माडीवर आमच्या आजोबांच्या वेळी गाणी होत. मिरज-सांगलीकडचे गवई मुक्कामास असत. बैठकीस गावातील वकील, मास्तर, डॉक्टर बसत. आत्या त्या वेळी दहा-बारा वर्षांची होती. तिने ती सारी गाणी माजघरातून, जिन्याखालच्या फळीस कान लावून ऐकली आहेत. गवयाचे तोंड तिने पाहिले ते सकाळी चहा नेऊन देताना. ज्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या हातावरून सम शिकावयाची, तो हात तिला कधी दिसला नाही. तिची दाद कोणी ऐकली नाही. तेव्हा एकट्याने, लपून, दुसऱ्यास न कळता ऐकण्याचा दोष हेडफोनने आणला असे म्हणण्याचा अधिकार निदान आमच्या घरास नाही. आज दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, अभ्यासास बसलेल्या भावाचा आणि आजारी सासऱ्याचा खोळंबा न करता एखादी मुलगी रात्री अकरा वाजता मारवा ऐकू शकते, ही देणगी लहान नाही. मारव्याची वेळ टळली म्हणून ज्यांस तिच्यावर रागवावयाचे असेल त्यांनी खुशाल रागवावे.

प्रयोग संपल्यावर मुले जेवावयास खाली गेली आणि तिन्ही हेडफोन माडीवरच राहिले. दुपारी पुतण्याने सहज त्यांतला एक आजीच्या कानांवर चढविला आणि अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी लावली. ती ध्वनिमुद्रिका खाँसाहेब वारले त्या सन १९३७ च्या आधी, थोड्याच वर्षांपूर्वीची आहे. तबकडीची एक बाजू, तीन-सव्वातीन मिनिटांची. या मुद्रिकेविषयी पुतण्याचे मत आम्हांस ठाऊक होते. ती चांगल्या हेडफोनात ऐकवतच नाही, नुसती खरखर उठते, असे तो म्हणे. हेही खोटे नाही. हल्लीचे काही हेडफोन सेकंदास चाळीस हजार कंपनांपर्यंतचा नाद देण्याची प्रौढी मिरवितात. मनुष्याचा कान, तोही कोवळ्या वयाचा, वीस हजारांच्या पलीकडे जात नाही. त्या जुन्या तबकडीत तर चार-पाच हजारांच्या वर गाण्याचा अंश फारसा नाहीच, वरचा सारा पसारा सुईच्या घर्षणाचा. तरुण कानास ती खरखर लख्ख ऐकू येते. चौऱ्याऐंशी वर्षांच्या कानातून वरचे नाद केव्हाच गेलेले असतात, आणि त्यांच्याबरोबर खरखरही बरीचशी जाते. जे उरते ते नेमके तबकडीत जेवढे गाणे आहे तेवढेच.

आत्या ऐकत राहिली. अर्ध्यावर तिने उजव्या कानावरची वाटी काढून बाहेरच्या बाजूस वळविली आणि पुतण्यास खुणेने जवळ बोलाविले. अशा दोघांच्या डोक्यांमध्ये धरलेल्या हेडफोनातून चांगला आवाज येणे अशक्य, हे तो जाणून होता. तरी तो वाकला. "ही जागा ऐक," ती म्हणाली, "इथं त्यानं स्वर सोडला नाही, नुसता हात सैल केला." ती जागा गेली. पुतण्याला ती कळली नव्हती. मुद्रिका मागे नेऊन तीच जागा पुन्हा लावण्यात आली, मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी त्याने मान हलविली. हे सर्व मिळून चाळीस सेकंदांहून अधिक नसेल, आणि तोही तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत होता, हे आम्ही नमूद करतो. मात्र त्या रात्री त्याने पूर्ण मुद्रिका लावल्याचे आम्ही जिन्यावरून ऐकले, कारण त्याने हेडफोन न लावता ती लावली होती.

संध्याकाळी आत्येने माडीच्या कोपऱ्यातील गवसणीकडे बोट दाखविले. तीत आजोबांचा मिरजेचा तंबोरा आहे. दोन तारा तुटलेल्या, उरलेल्या गंजलेल्या. तो बोलता करून आणावा असे तिचे म्हणणे पडले. आमची समजूत अशी की पुतण्याला हे काम देऊ नये, त्यास त्यात गोडी वाटणार नाही. पण जाताना तोच गाडीत सर्वांआधी येऊन बसला, तंबोरा मांडीवर आडवा घेऊन.

मिरजेची ही विद्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाली. हत्यारांस धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातील फरीदसाहेब यांनी ती आरंभिली, असे तेथे सांगतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणि तुणीचे लाकूड यांपासून तंबोरे आणि सतारी करणारी कुटुंबे अजून सतारमेकर गल्लीत आहेत. सन २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोहोंस भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे येथेही मार्का आलाच, आणि आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. बाहेरच्या नकली मालापासून कारागिरास तेवढे संरक्षण हवेच. तथापि त्या दुकानात आम्ही तासभर बसलो, आणि तेवढ्या वेळात मानांकनाचा शब्द कोणी उच्चारला नाही.

कारागिराने गवसणी काढली, भोपळ्यावर बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहिली, जुन्या तारा उतरविल्या, नव्या चढविल्या आणि घोडीकडे निरखून पाहिले. तंबोऱ्याचे सर्वस्व या घोडीत असते. तिचा वरचा पृष्ठभाग किंचित उतरता असतो. त्यास कानस मारून तार त्याला कोठवर आणि किती हलकेच स्पर्श करील हे ठरवावयाचे, आणि तारेखाली सुताचा 'जीव' सारून जागा साधावयाची, यास जवारी काढणे म्हणतात. जवारी खुली असली तर नादातून स्वयंभू स्वरांची भिरी उडते, बंद असली तर नाद गोल आणि आवरलेला राहतो. कोणती चांगली असे विचारणे व्यर्थ आहे. पुतण्याने मात्र विचारले. हेडफोनच्या बाबतीत ज्याला तटस्थ आवाज म्हणतात तसा तंबोऱ्याचा तटस्थ आवाज कोणता, अशा अर्थाचे त्याचे काहीतरी म्हणणे होते. कारागिराने ते ऐकून घेतले आणि कानस हातात घेण्यापूर्वी उलट विचारले,

"गाणार कोण?"

पुतण्या आमच्याकडे पाहू लागला. घरात गाणारे कोणी नाही, हे सांगावयाचे आमच्या अगदी ओठावर आले होते.

"माणसाचा की बाईचा आवाज? पट्टी कुठली? त्याशिवाय जवारी कशी काढणार?" कारागीर म्हणाला.

"आजी," पुतण्या म्हणाला. मग थोडा थांबून, बहुधा ती स्वयंपाकघरात काय गुणगुणते ते मनाशी लावून पाहून, त्याने सांगितले, "पांढरी चार करा."